भूगोल घेऊ द्या, पण गणित सोडू देऊ नका

नमस्कार,

तुमची मुलगी दहावी झाली, गावाचं शहर कसं होतं ते शिकायचंय म्हणून आर्ट्सला भूगोल घेते म्हणते. तुम्हाला मात्र यात पोट भरेल का अशी काळजी आहे. कॉम्प्युटरला घालू का, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही पुण्याशेजारच्या मुळशीतले शेतकरी, त्यामुळे गावाचं शहर कसं होतं हा प्रश्न तिला का पडला हे वेगळं सांगायला नको.

पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ साली सुमारे १० लाख होती, २०११ मध्ये १७ लाखांवर गेली. पण नुसती माणसं वाढली म्हणून शेत जात नाही. आधी हिंजवडीसारखा आयटी पार्क येतो, रस्ता होतो, विकास आराखड्यात जमिनीचा झोन, म्हणजे ठरवून दिलेला वापर, बदलतो, जमीन एनए म्हणजे बिगरशेती होते आणि मग टॉवर उठतात. कुठे बांधायचं आणि ओढ्याकाठची कुठली जागा मोकळी सोडायची, हे कुणीतरी नकाशावर ठरवत असतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली. असे निर्णय किती मोलाचे असतात ते तेव्हा दिसलं. दुसरीकडे हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमिनी बिल्डरला न विकता एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढली आणि तिथलं शहर स्वतःच उभारलं. सातबारा कळणारी मुलगी या कामात हवीच, असं माझं ठाम मत आहे.

या शिक्षणाचं नाव नगरनियोजन, म्हणजे बी.प्लॅनिंग. पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत आहे, दिल्ली-भोपाळच्या एसपीए म्हणजे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्येही आहे. एसपीएसाठी जेईई मेनचा पेपर २बी द्यावा लागतो आणि बारावीला गणित लागतंच. म्हणून आर्ट्स घेतलं तरी गणित ठेवा. सायन्सला भूगोल मिळणारं कॉलेज जवळ असेल तर फारच उत्तम, कारण पुढे सिव्हिल किंवा आर्किटेक्चरचाही रस्ता खुला राहतो.

नोकऱ्या नगररचना विभागात, महापालिकांत, पीएमआरडीएत (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात) आणि खाजगी सल्लागारांकडे असतात. सरकारी जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही, तेव्हा जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि त्यावरची माहिती हाताळणं, पक्कं शिकू द्या. त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

या सुट्टीत तिला तुमच्या गटाचा नकाशा द्या. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं दिसतात. आजूबाजूचा कुठला गट कोणत्या वर्षी शेतीतून गेला आणि रस्ता त्याआधी आला की नंतर, हे तिला वहीत मांडू दे. त्यात ती रमली, तर प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी मला पुन्हा लिहा.