मुलगी जर्मनीत, नोटीस जर्मन भाषेत

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली. माझी मुलगी बेळगावला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करत होती, आता जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला आहे. खोली मिळाल्यावर आठवड्याभरात एक माणूस दारावर आला. घरचं इंटरनेट लावून देतो म्हणाला आणि टॅबवर बोटाने सही घेतली. नंतर कळलं, तो चोवीस महिन्यांचा करार होता, महिना ४० युरो. तंत्रज्ञाची तारीख दोनदा ठरली, तिने दोनदा रजा काढली, कुणी आलं नाही. इंटरनेट अजून सुरू नाही, पण खात्यातून पैसे जायला लागले. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने ते बँकेकडून परत घेतले. आता तीन महिने झालेत. दोन स्मरणपत्रं आली आणि परवा वसुली करणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. ऑफिसातले म्हणतात, फाडून टाक. माझे दीर म्हणतात, गपचूप भरून मोकळी हो. गावात कुणी तरी म्हणालं, तिकडे निकाल लागला तर इथल्या घरावर जप्ती येईल. घर माझ्या नावावर आहे. काय करावं?

उत्तर : ताई, आधी घराचं बोलू, कारण तुमची झोप त्यानेच उडाली आहे. करार मुलीचा आहे, ती सज्ञान आहे. तुम्ही जामीन म्हणून कुठे सही केलेली नाही, म्हणून तिचं देणं तुमच्यावर येत नाही आणि तुमच्या नावावरच्या घरावरही येत नाही. दुसरं, आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ प्रमाणे काही ठरावीक देशांच्या कोर्टांचे हुकूमनामे इथे थेट बजावता येतात. इंग्लंड, सिंगापूर त्या यादीत आहेत, २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीही आहे. जर्मनी नाही. जर्मनीतल्या निकालावर इथे काही मिळवायचं तर मुलीविरुद्ध नव्याने दावा घालावा लागतो, आणि गुणदोष न तपासता दिलेला निकाल असेल तर कलम १३ खाली तो इथे टिकत नाही. तेव्हा घराची काळजी सोडा.

पण म्हणून कागद फाडायचा नाही. मुलीचा पगार तिथे आहे, बँकखातं तिथे आहे, पुढची खोलीही तिला तिथेच शोधायची आहे. जर्मनीत ‘शूफा’ नावाची संस्था लोकांच्या देण्याघेण्याची नोंद ठेवते आणि घरमालक खोली देण्याआधी त्या नोंदीचा दाखला मागतात. नोंद बिघडली तर खोली मिळणं अवघड होतं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हे : मुलीने पैसे परत घेतले, पण कंपनीला एक ओळही लिहिली नाही. पैसे परत घेण्यात गैर काही नाही. युरोपात खात्यातून परस्पर वळती झालेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत कारण न देता परत मागता येते. मात्र त्याने करार संपत नाही. कंपनीच्या वहीत ती फक्त ‘पैसे न भरणारी ग्राहक’ म्हणून राहिली. आपल्याकडे मी हे वर्षानुवर्षं पाहतो आहे. कन्नडमधला समन्स येतो, घरात वाचणारं कुणी नसतं, कागद देवघरातल्या फडताळात जातो, आणि एकतर्फी हुकूमनामा झाल्यावर माणूस माझ्याकडे येतो. भाषा येत नव्हती हे कारण तेव्हा फार कामाला येत नाही. सीमाभागातल्या आपल्या माणसांना तरी हे वेगळं सांगायला नको.

आता मुलीच्या बाजूने काय काय आहे ते पाहा. करार दुकानात नाही, घराच्या दारात झाला. अशा कराराला जर्मन कायद्यात माघारीचा हक्क आहे : चौदा दिवसांच्या आत, कारण न देता. ते दिवस गेले असं तुम्हाला वाटेल. पण या हक्काची माहिती ग्राहकाला रीतसर दिलीच नसेल, तर मुदत आणखी बारा महिन्यांनी लांबते. म्हणून मुलीला तिच्या ईमेलमध्ये ‘विडररूफ्सबेलेरुंग’ (माघारीच्या हक्काची माहिती) हा शब्द शोधायला सांगा. सही घेताना किंवा नंतर असा कागद मिळालाच नसेल, तर आजही एका पत्राने करारातून बाहेर पडता येईल. (दुकानात जाऊन सही केली असती तर हा हक्क नसता. परदेशी निघालेल्या प्रत्येक मुलामुलीला मी एवढं जरूर सांगतो.)

माहिती मिळालेली असेल, तरीही रस्ता आहे. सेवा द्यायला कंपनीला लेखी मुदत द्यायची, दोन आठवड्यांची पुरे. तेवढ्यात इंटरनेट सुरू झालं नाही तर करार रद्द करत असल्याचं कळवायचं. जी सेवा कधी मिळालीच नाही तिचे पैसे कसले? शिवाय तिथला दूरसंचार कायदा डिसेंबर २०२१ पासून बदलला आहे. ठरवून दिलेल्या वेळी तंत्रज्ञ आला नाही तर ग्राहकाला प्रत्येक वेळेमागे १० युरो किंवा महिन्याच्या शुल्काच्या २० टक्के, यांतलं जे जास्त असेल ते मागता येतं. तिच्या हिशेबात ८ पेक्षा १० मोठे, म्हणजे दोन खेपांचे २० युरो उलट कंपनीकडूनच येणं आहे.

इथे मुलीला एक प्रश्न विचारा, आणि खरं उत्तर घ्या : दाराच्या घंटीवर आणि टपालपेटीवर तिचं नाव लावलेलं होतं का? आपल्याकडे पोस्टमन माणसाला ओळखतो, गल्लीत कुणालाही विचारून घर सापडतं. तिथे पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं आणि घंटीवर नाव नसेल तर तंत्रज्ञ खालूनच निघून जातो. कंपनी हेच म्हणेल, ‘आमचा माणूस आला होता, ग्राहक सापडला नाही.’ पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव राहिलेलं असेल तर तिची बाजू तेवढी कमजोर होते आणि भरपाईचा आग्रह धरू नये. नाव होतं तर आजच फोटो काढून ठेवायचा. रजेचा अर्ज, तारीख ठरल्याचे मेसेज हेही जपायचं.

मग पत्र. मुलीने ते या आठवड्यातच पाठवावं, कंपनीला आणि वसुलीवाल्यांना दोघांना, ईमेलने आणि रजिस्टर टपालानेही. वसुलीवाल्यांना एवढंच कळवायचं की मागणी मान्य नाही, कारण सेवा सुरूच झालेली नाही. या एका वाक्याला तिथे मोठं वजन आहे : ग्राहकाने वादात घेतलेली रक्कम शूफाच्या नोंदीत चढवता येत नाही. गप्प राहिलं तर दोन स्मरणपत्रांनंतर ती चढू शकते, आणि तिला दोन आलेली आहेत. दिरांचं ऐकून भरून टाकलं तर आजची कटकट मिटेल, पण करार चालू राहील आणि चोवीस महिन्यांचे ९६० युरो मानेवर बसतील. न आलेल्या सेवेसाठी तिने एक पैसाही भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वसुली कंपनीचं पत्र म्हणजे कोर्टाचा कागद नव्हे. कितीही लाल अक्षरं असली तरी त्या कंपनीला स्वतः जप्ती करता येत नाही. कोर्टाचा कागद वेगळा दिसतो. तो पिवळ्या लिफाफ्यात येतो, आणि पोस्टमन त्यावर त्या दिवसाची तारीख लिहून पेटीत टाकतो. त्याला ‘माह्नबेशाइड’ म्हणतात, म्हणजे पैसे भरण्याबद्दलचा कोर्टाचा आदेश. तो काढताना कोर्ट मागणी खरी की खोटी हे तपासत नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही; पण हरकत घ्यायला त्या तारखेपासून दोनच आठवडे असतात. हरकतीचा फॉर्म सोबतच येतो, कारण लिहावं लागत नाही. ती मुदत चुकली तर पुढचा हुकूम निघतो. त्यावर हरकत घ्यायला आणखी दोन आठवडे असतात, पण तो हुकूम हाती पडला की पगारापर्यंत हात लगेच पोचू शकतो. ती सुट्टीत खानापूरला येणार असेल तर मागे पेटी उघडणारं माणूस नेमूनच यावं.

जर्मन कोर्टात मी उभा राहू शकत नाही, म्हणून पत्र पाठवण्याआधी ते तिथल्या जाणकाराच्या नजरेखालून जायला हवं. श्टुटगार्टमध्ये ग्राहक सल्ला केंद्र आहे, ‘फेरब्राउखरत्सेंट्राले’. थोड्या शुल्कात ते कागद पाहून देतात. कंपनीने दाद दिली नाही तर दूरसंचार नियामकाकडे तडजोडीची सोय आहे, ग्राहकाला तिथे खर्च येत नाही. मात्र कंपनीला आधी लिहिलेलं असावं लागतं आणि प्रकरण कोर्टात गेलेलं नसावं लागतं. तिथे पत्रच नसेल तर दाखवणार काय?

दिवाणी देणं हा गुन्हा नाही, तेव्हा व्हिसाच्या धास्तीने तिने घाईत कशावरही सही करू नये. आज रात्री फोन कराल तेव्हा तिच्याकडून दोनच गोष्टी मागून घ्या : करारानंतर आलेले सगळे ईमेल, आणि टपालपेटीचा फोटो.