चिनी लोकगीतांच्या चालीवर मराठीत चार ओळी लिहायच्या तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही 'चिनी लोकगीत' एवढंच म्हटलंय, पण असे प्रकार तिकडे बरेच आहेत. मी दोनेक वर्षं 'झूझी'शी खेळतोय, म्हणून तेवढ्याबद्दलच सांगतो. झूझी म्हणजे बांबूची फांदी.

हा यांगत्से नदीच्या घळींकडचा गावरान प्रकार. तांग काळातला कवी ल्यू युशी दरबारी राजकारणात हरला आणि वर्षानुवर्षं लांबच्या प्रांतांत फेकला गेला. ८२२ साली तो ख्वेचौला (आजच्या चोंगछिंगमधलं फंगज्ये) अधिकारी म्हणून आला. त्या भागात पोरं आळीपाळीने गायची. सोबत आखूड बासरी, ढोल; गाणारा बाह्या उंचावून नाचायचा आणि ज्याची गाणी जास्त तो वरचढ! त्याने स्वतःच प्रस्तावनेत हे लिहून ठेवलंय. मग त्याने त्या चालीवर नऊ गाणी रचली.

सगळ्यात गाजलेलं गाणं मात्र या नवांत नाही, दोनच गाण्यांच्या वेगळ्या जोडीत आहे. नदी काठोकाठ भरलीय, मुलीला पाण्यावरून तिच्या आवडत्या मुलाचं गाणं ऐकू येतंय. पूर्वेला ऊन, पश्चिमेला पाऊस. म्हणावं तर 'छिंग' नाही, म्हणावं तर आहे. 'छिंग' म्हणजे उघडीप, आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे प्रेम. कवितेचा सगळा जीव या श्लेषात आहे, त्यामुळे भाषांतर करायला गेलात की हातात नुसतं हवामान उरतं.

साचा सोपा आहे. चार ओळी, प्रत्येकीत सात अक्षरं, चौथ्या अक्षरानंतर किंचित थांबा. यमक पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला, रुबाईसारखं. मीही आधी सात अक्षरांचा हट्ट धरला होता. पण चिनीत एक अक्षर म्हणजे बहुतेक एक अख्खा शब्द; आपल्याकडे 'पावसाने ओढ दिली' एवढ्यातच आठ होतात. हट्ट सोडला आणि तेरा अक्षरं घेतली.

सुरुवात ओळीपासून करू नका, शब्दापासून करा. ज्याचे दोन्ही अर्थ रोजच्या बोलण्यातले आहेत असा शब्द शोधा. मला 'ओढ' सापडला:

पेरा राहिला, मृग गेला कोरडाच,
बांधापल्याड गळा तोच रोजचाच;
लोक म्हणती, यंदा पावसाची ओढ,
ओढ खरी, पण पाऊस नावाचाच.

तिसरी ओळ मुद्दाम साधी ठेवलीय, लोक बोलतात तशी. तिथे अलंकार घातला की चौथी फुसकी निघते.

आजीला ऐकवली. ती म्हणाली, "पेरा राहिलाय आणि हिला गाणं ऐकू येतंय!"