रोजच्या जगण्यातलं सौंदर्य आणि आशीर्वाद ओळखायला ख्रिस्ती विश्वासातून कसं शिकावं?

आधी बघायला शिका, आभार मागाहून. मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, उलटं शिकवतात, म्हणून लिहायला बसलो.

रावेर तालुक्यात माझी तीन हजार खोडं केळी होती. माल कटाईवर आला आणि जूनच्या सुरुवातीला पाऊण तासाच्या वादळात बाग झोपली. रविवारी उपासनेत मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चमधले ज्येष्ठ, म्हणाले, "उभे राहा, साक्ष द्या. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, असं शास्त्र सांगतं." मी उभा राहिलो आणि बाहेर पडलो. बायको बसून राहिली, त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन केळीच्या बुडातली पिलं, म्हणजे शेजारी फुटणारे कोंब, सपासप कापली. वीस वर्षं कापतोय. मुख्य झाडाचं खातात. संध्याकाळी विसरलेला डबा आणायला गेलो, तर सकाळी सपाट कापलेल्या पिलाच्या मधून बोटभर सुरळी वर आलेली. पिवळसर, ओली, वहीचा कागद गुंडाळावा तशी. पिलं परत फुटतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उकिडवं बसून मी ते कधी बघितलं नव्हतं, एवढंच. प्रार्थना वगैरे केली नाही. डास चावायला लागले तेव्हा उठलो.

बायबलमध्ये मत्तयाच्या 6व्या अध्यायात प्रभू पाखरांकडे "निरखून पाहा" म्हणतो. आभार माना असं तिथं नाही. आणि वडिलांनी सांगितलेलं वचन बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांच्या पत्रातलं, तिथं "स्थितीत" आहे, "स्थितीबद्दल" नाही. त्या वडिलांना हे मी दोनदा सांगितलं. त्यांची केळी नाही, किराणा दुकान आहे.

तुम्ही विचारलंय कसं शिकायचं. बायको कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी रोज एक ओळ लिहिते. 'माठाचं पाणी गार लागलं.' 'शेजारून भरताची वांगी आली.' एका तारखेला 'आज हे ओरडले नाहीत.' असं लिहा. घर, आरोग्य, कुटुंब ही यादी नको, ती डोळे मिटूनही लिहिता येते.

हे ख्रिस्ती माणसालाच दिसतं असंही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, कवी ते त्याआधीपासूनच होते.

आणि ज्याचं नुकतंच नुकसान झालंय त्याला यातलं काही ऐकवू नका. आधी त्याच्या बांधावर जा. माझ्या बांधावर मंडळीतला एकच जण आला, तोही पंचनामा होऊन गेल्यावर.