मीटर बायपास करून घरात वीज घेतली, तर खरंच तुरुंग होतो का?

हो, होऊ शकतो. मीटरच्या आधीच सर्व्हिस वायर (खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार) सोलून टाकलेला जोड असो की मीटरशी छेडछाड, भारतात वीज कायदा 2003 च्या कलम 135 खाली ती चोरीच. 3 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. विजेचा भार (एका वेळी ओढली जाणारी वीज) 10 किलोवॅटपर्यंत असेल तर पहिल्यांदा दंड लाटलेल्या रकमेच्या किमान तिप्पट, पुढच्या वेळी सहापट. पुरवठा मात्र चोरी सापडताच तोडता येतो, निकालाची वाट बघत नाहीत. खटल्याऐवजी कायद्याने ठरवलेली तडजोडीची रक्कम भरून सुटका होऊ शकते, पण एकदाच.

आणि कृपा करून तो जोड स्वतः काढू नका! मेन स्विच बंद केला तरी त्या वायरमध्ये करंट असतोच. वीज कंपनीलाच बोलवा.