वाचकांचे प्रश्न : इंकस्केपमधील अडेल लेअर

प्रश्न : मी घरच्या घरी लग्नपत्रिकांची मांडणी करून देते. इंकस्केप या चित्ररेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी खालून वर ‘कागद’, ‘चौकट’ आणि ‘मजकूर’ असे तीन लेअर (एकावर एक रचलेले थर) केले आहेत. तरीही वधूवरांची नावे चौकटीच्या वेलबुट्टीच्या मागे जातात आणि ती निवडून ‘होम’ची कळ कितीही वेळा दाबली, तरी पुढे येत नाहीत. सॉफ्टवेअर बिघडले असावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सॉफ्टवेअर ठीक आहे, बहुधा नावेच चुकीच्या लेअरमध्ये बसली आहेत. दहीहंडीच्या तिसऱ्या थरावरचा गोविंदा टाचा उंचावून उभा राहिला, तरी चौथ्या थराच्या वर जात नाही, तसेच येथे घडते. ‘होम’ची कळ वस्तूला सर्वांत पुढे आणते खरी, पण ती ज्या लेअरमध्ये आहे त्या लेअरपुरतीच. नावांवर एकदा क्लिक करून खिडकीच्या तळाच्या पट्टीत लेअरचे कोणते नाव दिसते ते पाहावे. तेथे ‘मजकूर’ऐवजी ‘कागद’ असे दिसले, तर घोळ कोठे आहे ते लगेच कळेल.

आता नावे तेथे गेली कशी, हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण तसे न केल्यास पुढच्या पत्रिकेत हेच पुन्हा होईल. इंकस्केपमध्ये आपण एखाद्या वस्तूवर क्लिक केले की त्या वस्तूचा लेअर आपोआप चालू लेअर, म्हणजे नवी वस्तू ज्यात जमा होते तो लेअर, होतो. मजकूर लिहिण्याआधी पार्श्वभूमीचा रंग बदलण्यासाठी आपण मागच्या चौकोनावर क्लिक केले असेल, तर त्यानंतर टाइप केलेली नावे निमूटपणे ‘कागद’मध्येच जमा झाली असतील. नावे निवडून शिफ्ट दाबून धरावे आणि पेज-अपची कळ दोनदा दाबावी. ती एकेक लेअर चढत ‘मजकूर’मध्ये पोहोचतील. (काही लॅपटॉपवर पेज-अपसाठी एफएन ही कळही सोबत दाबावी लागते.) यानंतर रंग पक्का होताच ‘कागद’ लेअरला कुलूप घालण्याची सवय लावून घ्यावी. कुलूपबंद लेअरमधील वस्तू क्लिकने निवडलीच जात नाही, त्यामुळे नकळत तेथे जाण्याचा प्रश्न उरत नाही. कुलपाचा उपयोग वस्तू हलू नये एवढ्यापुरताच आहे असे अनेकांना वाटते. माझ्या मते चालू लेअर जागचा हलू नये, हाच त्याचा मोठा फायदा आहे.

कंट्रोल आणि ‘ए’ दाबल्यावर संपूर्ण पत्रिका का निवडली जात नाही, याचेही उत्तर येथेच मिळते. ती आज्ञाही मुळात चालू लेअरपुरतीच असते. सर्व लेअरमधील वस्तू हव्या असतील, तर सोबत ऑल्टची कळही दाबावी.

प्रश्न : नावे आणि चौकट एकत्र सरकवता यावीत म्हणून मी त्यांचा ग्रुप केला. त्यानंतर इंग्रजी प्रत काढण्यासाठी मराठी मजकुराचा लेअर लपवला, तर चौकटही नाहीशी झाली. ग्रुप मोडूनही ती परत आपल्या लेअरमध्ये गेली नाही.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वेगवेगळ्या लेअरमधील वस्तूंचा ग्रुप केला की त्या सर्व वस्तू त्यांतील सर्वांत वरच्या वस्तूच्या लेअरमध्ये जातात, आणि ग्रुप मोडल्यावर तेथेच राहतात. यामागचे कारण फाइलच्या रचनेत आहे. इंकस्केप आपले काम ज्या प्रकारात साठवते, त्या एसव्हीजी फाइलमध्ये ‘लेअर’ नावाची वेगळी चीज नाहीच. इंकस्केपचा लेअर म्हणजे वेगळी खूण केलेला ग्रुपच असतो, आणि एक वस्तू एकाच वेळी दोन लेअरमध्ये राहू शकत नाही. २०२२ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीपासून लेअर आणि वस्तू एकाच यादीत, एकाखाली एक दिसतात, त्यामुळे हा गुंता डोळ्यांनी पाहता येतो. त्या यादीतून आपली चौकट ओढून तिच्या मूळ लेअरवर सोडावी. एकत्र सरकवण्यापुरतेच काम असेल, तर ग्रुप न करता शिफ्ट दाबून दोन्ही वस्तू निवडाव्यात आणि सरकवाव्यात.

प्रश्न : लपवलेला लेअर छापखान्यात पाठवलेल्या फाइलमध्ये जातो का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पीएनजी चित्र काढून पाठवल्यास जात नाही, एसव्हीजी फाइल पाठवल्यास जातो. लेअर लपवला की फाइलमध्ये तो दाखवू नये एवढी सूचना लिहिली जाते. आतील मजकूर जसाच्या तसा राहतो आणि फाइल नोटपॅडमध्ये उघडणाऱ्या कोणालाही वाचता येतो. जुना दर किंवा दुसऱ्या ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक अशा लेअरमध्ये पडून असेल, तर फाइलची वेगळ्या नावाने प्रत करावी, त्या प्रतीतून तो लेअर काढून टाकावा आणि देवनागरी अक्षरांचे पाथमध्ये, म्हणजे निव्वळ आकृत्यांमध्ये, रूपांतर करून तीच प्रत पाठवावी. मूळ फाइल मात्र स्वतःजवळ जपून ठेवावी, कारण पाथ झालेल्या अक्षरांतील शुद्धलेखनाची चूक पुन्हा टाइप करून सुधारता येत नाही.