बाथरूमच्या भिंतीतून वेळी-अवेळी धाडधाड आवाज येतो, प्लंबर टाइल्स फोडा म्हणतोय, काय करू?

आधी त्या प्लंबरला थांबवा. टाइल्स फोडल्यावर आत पाइपच दिसणार, आणि पाइप वाजत असला तरी त्याला वाजवणारा बहुतेक वेळा दुसराच कोणीतरी असतो, तो गच्चीवर असेल, खाली पंपरूममध्ये असेल नाहीतर तुमच्या वॉशिंग मशीनच्या मागे. मी बिल्डिंगच्या पंप-पाइपच्या कामांत बरीच वर्षं आहे, आणि आवाज कुठून येतो यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही कारण पाण्याने भरलेल्या पाइपमधून आवाज एवढा लांब जातो की पंपरूममधला ठोका तिसऱ्या मजल्यावर अगदी उशाशी ऐकू येतो. विचारायचं ते हे की आवाज कधी येतो.

तुम्ही लिहिलंय की बिल्डिंग सात मजली, तुम्ही तिसऱ्यावर, पहाटे आणि दुपारी एकदाच जोरात धाडकन होतं, मशीन लावली की मधेमधे ठोके बसतात, आणि गरम पाण्याने आंघोळ झाली की नंतर बराच वेळ भिंतीत टकटक चालू राहते. मला वाटतं तुमची गडबड इथेच झालीय, तुम्ही (आणि प्लंबरने) हा एकच आवाज धरलाय. हे तीन आवाज आहेत आणि तिघांची कारणं वेगळी आहेत.

मशीनचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. पाइपमधून पाणी जोरात धावत असताना ते एकदम अडवलं की मागचं सगळं पाणी पुढच्यावर आदळतं, एसटीने करकचून ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी पुढे येतात तसं. याला वॉटर हॅमर म्हणतात. 1897-98 च्या सुमारास मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी याचे प्रयोग केले आणि हिशोब मांडला, तो आजही वापरतात. लोखंडी पाइपमध्ये सेकंदाला 1 मीटर वेगाने जाणारं पाणी झटक्यात थांबवलं तर दाब साधारण 12-13 बारने (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) उसळतो, सीपीव्हीसीमध्ये, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपमध्ये, पाइप जरा फुगून देतो म्हणून पाचच्या आसपास. आता तुमच्याकडचा नेहमीचा दाब बघा, 10 मीटर उंचीला 1 बार, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून तिसऱ्या मजल्यावर दीड बारच्या आसपास येत असेल. त्यावर एवढी उसळी म्हणजे पाइप जागचा हलणारच आणि क्लॅम्प सैल असेल तर भिंतीवर आपटणारच. जुन्या काळचे नळ तीन-चार आटे फिरवून बंद व्हायचे म्हणून हा त्रास कमी होता, आता पाव आट्यात बंद होणारे नळ आहेत, जेट स्प्रे आहे, आणि मशीनच्या आतला इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह तर डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद होतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. मशीनच्या मागचा अँगल कॉक अर्ध्यापेक्षा जास्त बंद करा आणि एक धुणं लावून बघा. ठोका गेला किंवा अगदीच मंद झाला तर चोर सापडला, कॉक तसाच ठेवा, मशीन भरायला थोडा वेळ जास्त घेईल एवढंच. फारच कमी पाणी गेलं तर मशीन एरर दाखवते, मग जरासा उघडा. यानेही भागलं नाही तर वॉटर हॅमर अरेस्टर, म्हणजे हा दणका झेलणारा छोटा जोड, मिळतो, तो मशीनच्या कॉकला लागूनच बसवायचा, लांब बसवून उपयोग नाही. काही प्लंबर अरेस्टरऐवजी टी (तीन तोंडांचा जोड) काढून हातभर पाइप उभा वर नेतात आणि तोंड बंद करतात, आतली हवा गादीसारखं काम करते खरी पण ती हळूहळू पाण्यात विरघळते आणि काही महिन्यांनी त्या तुकड्यात नुसतं पाणी राहतं, मग परत धाडधाड.

आंघोळीनंतरची टकटक हा तर निरुपद्रवी प्रकार. सीपीव्हीसी गरम झाला की लांब होतो, 3 मीटरचा तुकडा 40 अंशांनी तापला तर 8 मिमीच्या आसपास, जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, तेवढ्यालाच दीड मिमीसुद्धा वाढत नाही. भिंतीत सिमेंटने घट्ट आवळलेला पाइप एवढा वाढताना आणि मग थंड होताना अडखळत सरकतो, प्रत्येक अडखळीला एक टक्. नळ बंद असतानाही होतं म्हणून घरातली मंडळी घाबरतात, उदबत्त्या-लिंबू-मिरच्यांपर्यंत प्रकरण गेलेलं मी बघितलंय. खात्री करायला एक दिवस गीझर न लावता थंड पाण्याने आंघोळ करा, टकटक झाली नाही तर हेच. डक्टमध्ये किंवा माळ्यावर गरम पाण्याचा पाइप उघडा असेल तर तिथले क्लॅम्प जरा सैल करून मध्ये रबराची पट्टी घाला. भिंतीच्या आतल्यासाठी टाइल्स फोडाव्यात असं मला तरी वाटत नाही. गीझर चालू असताना त्याच्याच पोटात गुरगुर होत असेल तर मात्र ते वेगळं, बोअरवेलच्या जड पाण्याने कॉइलवर खडा साचलेला असतो, तो साफ करून घ्या.

आता मुख्य, पहाटेचा आणि दुपारचा धाडकन. दिवसात ठरलेल्या वेळी, एकदाच, आणि तेव्हा घरात कोणी नळाला हात लावलेला नाही, असं असेल तर तो आवाज तुमच्या घरचा नाहीच. वॉचमनला विचारा पंप किती वाजता बंद करतो. खालच्या हौदातून गच्चीवर पाणी चढवणारा पाइप बहुतेक तुमच्या बाथरूमच्या डक्टमधूनच जातो. पंप बंद झाला की वर चढत असलेलं पाणी क्षणभर थबकतं आणि उलटं खाली यायला लागतं, त्याला अडवायला पंपाजवळ एनआरव्ही असतो, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. साध्या झडपेचा एनआरव्ही थोडा उशिरा मिटतो, तोवर उलट्या पाण्याने वेग घेतलेला असतो आणि झडप धाडकन आपटते. सात मजल्यांची पाण्याची उभी रांग त्यावर येऊन थांबते, मग आवाज होणारच. हा आवाज फक्त तुम्हाला येतो असं नसतं, तुमच्या लाइनीतल्या वरच्या-खालच्या फ्लॅटवाल्यांना विचारून बघा, प्रत्येकजण आपापल्या प्लंबरला बोलावून बसलेला असतो.

एक दिवस तुम्ही बाथरूममध्ये थांबा आणि वॉचमनला फोन चालू ठेवून पंप बंद करायला सांगा. बटण दाबलं की लगेच धाड, तर विषय संपला. यावर उपाय म्हणजे स्प्रिंगवाला एनआरव्ही, तो पाणी उलटं फिरायच्या आतच मिटतो. सोबत डक्टमधल्या त्या पाइपचे क्लॅम्प बघून घ्या, एखादा गंजून पडलेला असतो आणि पाइप तिथे मोकळा झुलत असतो. हा खर्च सोसायटीचा, तुमचा नाही. सेक्रेटरी टाळाटाळ करतील, तर त्यांना सांगा की हा रोजचा दणका प्रत्येक जॉइंटवर बसतोय आणि उद्या डक्टमध्ये गळती लागली की ओल सगळ्यांच्या भिंतींना येणार. पत्र लेखीच द्या.

तुमच्याकडे स्वतःचा प्रेशर पंप आहे का ते लिहिलं नाहीत. असेल तर रात्री ठराविक वेळाने येणारा ठक् त्याचाही असू शकतो, कुठेतरी फ्लश किंवा नळ थेंबथेंब गळत असतो, दाब उतरला की पंप उठतो आणि परत झोपतो. झोपायच्या आधी त्याचा स्विच बंद करून बघा. आणि नळ चालू असतानाच टरटर होत असेल तर त्या नळाचा वायसर सैल झालाय, किरकोळ काम आहे.

हे सगळं करूनही भिंतीतला पाइपच मोकळा निघाला आणि फोडावंच लागलं, तर बाथरूमच्या बाजूने नका फोडू. पलीकडे बेडरूमची किंवा पॅसेजची भिंत असेल तिकडून फोडा, प्लास्टर आणि रंगात भागतं. बाथरूमच्या जुन्या टाइल्सला मॅचिंग टाइल पुन्हा मिळणं अवघड, आणि वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्या मजल्यावरच्यांशी भांडण वेगळं.