मुक्काम हलला, पत्ता कधी कळवायचा?

अमेरिकेत राहणाऱ्या परदेशी नागरिकाने घर बदललं की १० दिवसांत यूएससीआयएसला (अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याला) कळवायचं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. घोळ होतो तो अधल्यामधल्या मुक्कामांचा: प्रोजेक्टसाठी परगावी राहणं, भारतातली लांब सुट्टी, उन्हाळी इंटर्नशिप. अशाच काही प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. कंपनी मला तीन महिन्यांसाठी न्यू जर्सीहून शार्लटला क्लायंटकडे पाठवते आहे. अपार्टमेंट सोडणार नाही, बायको-मुलं इथेच राहतील. एआर-११ (पत्ताबदलाचा फॉर्म) भरायचा का?

उत्तर : इमिग्रेशन कायद्यात ‘निवास’ म्हणजे माणूस मुख्यतः प्रत्यक्ष जिथे राहतो ती जागा. परत येण्याचा मनात इरादा आहे की नाही, याला त्या व्याख्येत स्थान नाही. तुम्ही सोमवारी विमानाने जाऊन गुरुवारी परतत असाल, तर बिऱ्हाड न्यू जर्सीतच आहे आणि शार्लटचं हॉटेल हा निव्वळ मुक्काम. एआर-११ची गरज नाही. तिथेच महिन्याच्या भाड्याने घर घेऊन शनिवार-रविवारही तिथेच काढणार असाल, तर मात्र आमचा सल्ला स्पष्ट आहे: राहण्याचा पत्ता म्हणून शार्लट कळवा आणि टपालाचा पत्ता न्यू जर्सीचाच ठेवा. फॉर्ममध्ये या दोन्हींसाठी वेगळे रकाने असतात. परत आलात की पुन्हा १० दिवसांत दुसरा एआर-११. त्याला फी नाही, त्यामुळे दोनदा भरण्यात नुकसान काहीच नाही.

पण तुमच्या बाबतीत खरी चिंता एआर-११ची नाही, कामाच्या ठिकाणाची आहे. तुमचा एच-१बी ज्या एलसीएवर (पगार आणि कामाच्या जागेबद्दल कंपनीने कामगार खात्याकडे केलेल्या अर्जावर) मंजूर झाला, तो ठरावीक परिसरापुरता असतो. ‘सिमियो सोल्युशन्स’ प्रकरणातल्या एप्रिल २०१५च्या निर्णयानुसार, कामाची जागा त्या महानगर क्षेत्राबाहेर गेली आणि नवा एलसीए लागत असला, तर कंपनीला सुधारित पिटिशन (एच-१बीचा अर्ज) दाखल करावं लागतं. अल्पकाळासाठी सवलत आहे: वर्षात ३० कामाचे दिवस. मूळ ऑफिसात तुमची जागा कायम असेल, तिथे तुम्ही बराच वेळ काम करत असाल आणि घरही त्याच परिसरात असेल, तर ६० दिवस. या काळात राहण्या-खाण्याचा आणि प्रवासाचा खर्च कंपनीने करायचा असतो.

आता हिशोब करा. तीन महिने म्हणजे १३ आठवडे, आठवड्याला पाच दिवस धरले तर ६५ दिवस. मोठी सवलत मिळाली तरी मर्यादा पाच दिवसांनी ओलांडली जाते. म्हणून निघण्याआधीच एचआरला लेखी विचारा की सुधारित पिटिशन दाखल केलं आहे का. ते दाखल झालं की मंजुरीची वाट न पाहता नव्या जागी काम सुरू करता येतं. तुम्ही स्वतः भरलेला एआर-११ या पिटिशनची जागा घेऊ शकत नाही. एक तुमच्या घराबद्दल आहे, दुसरं तुमच्या नोकरीबद्दल.

प्रश्न : ग्रीन कार्डच्या नूतनीकरणासाठी आय-९० भरला आहे. लीज संपते आहे आणि पाच महिने पुण्याला आई-वडिलांकडे राहणार आहे. पोस्ट ऑफिसात टपाल मित्राकडे वळवायचा अर्ज केला की पुरे ना?

उत्तर : नाही, आणि इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. टपाल खात्याला पत्ता कळवला म्हणजे यूएससीआयएसला कळवला असं होत नाही. शिवाय यूएससीआयएसची महत्त्वाची पाकिटं नव्या पत्त्यावर वळवली जातीलच असं नाही. ती परत पाठवली जातात. असं परत गेलेलं कार्ड ६० कामाच्या दिवसांत कुणी संपर्क साधला नाही, तर नष्ट केलं जातं. बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे आणि फोटो देण्याची) नोटीस चुकली, तर अर्ज सोडून दिला असं समजून तो फेटाळला जाऊ शकतो.

निघण्याआधी यूएससीआयएसच्या ऑनलाइन खात्यात जाऊन पत्ताबदलाचा पर्याय उघडा आणि आय-९०चा पावती क्रमांक जोडा. हा क्रमांक १३ अक्षरांचा असतो: तीन इंग्रजी अक्षरं आणि दहा अंक. तो घालायचा राहिला, तर तुमचा सर्वसाधारण पत्ता बदलतो, पण अर्जावरचा जुनाच राहतो. कागदी एआर-११ टपालाने पाठवून प्रलंबित अर्जावरचा पत्ताही बदलला, असं धरून चालू नका.

मित्राचा पत्ता टपालाचा म्हणून द्या, राहण्याचा म्हणून नको. तुम्ही तिथे राहत नाही. आणि ‘केअर ऑफ’च्या रकान्यात मित्राचं नाव घालायला विसरू नका. पेटीवर ‘देशपांडे’ आणि पाकिटावर ‘कुलकर्णी’ दिसलं की पोस्टमन ते परत नेऊ शकतो. अपार्टमेंटचा क्रमांक त्याच्या स्वतंत्र रकान्यात लिहा. शेवटी येणारं पुष्टीचं पान पीडीएफ करून ठेवा.

१० दिवसांचं बंधन कायद्याच्या शब्दांत अमेरिकेत असलेल्या व्यक्तीवर आहे, त्यामुळे पुण्यातला पत्ता कळवायला धावू नका. परतून नवं घर घेतलंत की मात्र १० दिवस मोजायला लागा. पाच महिन्यांची गैरहजेरी नागरिकत्वाच्या दृष्टीने ठीक आहे, पण सहा महिन्यांपुढे गेली तर सलग वास्तव्य खंडित झाल्याचं गृहीत धरलं जातं आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. परतीचं तिकीट काढताना हे लक्षात ठेवा.

प्रश्न : मुलगी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे. उन्हाळ्यात दहा आठवडे सिएटलला इंटर्नशिप. कॉलेजचा पत्ता तसाच ठेवला तर?

उत्तर : तसा ठेवू नये. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष राहण्याची जागा १० दिवसांत डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या कॉलेजातल्या अधिकाऱ्याला) कळवायची असते आणि डीएसओ ती २१ दिवसांत सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणी यंत्रणेत) नोंदवतो. एवढं केलं की एआर-११ची अट पूर्ण होते. ऑगस्टमध्ये परतली की पुन्हा कळवायचं. ओपीटीवर (शिक्षणाशी निगडित कामाच्या परवानगीवर) असती, तर हे विद्यार्थ्यांसाठीच्या सेव्हप पोर्टलवरून स्वतः करता आलं असतं. मात्र ईएडीचा (काम करण्याच्या परवान्याच्या कार्डाचा) अर्ज प्रलंबित असेल, तर सेव्हिसमधला बदल तिथे पोहोचत नाही. तो पत्ता यूएससीआयएसकडे वेगळा बदलायचा.

प्रश्न : आई-बाबा भेट व्हिसावर आले आहेत. दोन महिने माझ्याकडे टेक्सासला, मग चार महिने भावाकडे कॅलिफोर्नियाला.

उत्तर : भेट व्हिसावरचे पाहुणेही या नियमातून सुटत नाहीत, सूट आहे ती राजनैतिक ए आणि जी व्हिसावाल्यांना आणि व्हिसा माफीवर (व्हिसाशिवाय अल्पकाळासाठी) आलेल्यांना. नायगारा पाहायला आठवडाभर गेले तर कळवायचं काही नाही. भावाकडे चार महिने राहणं हा मात्र पत्ताबदलच. दोघांचे वेगवेगळे एआर-११ भरा. मुदतवाढीचा आय-५३९ भरला असेल, तर पावती क्रमांक जोडायलाच हवा.

प्रश्न : मी नागरिक आहे. सासू-सासऱ्यांच्या ग्रीन कार्डसाठी आय-८६४वर (आर्थिक आधाराच्या हमीपत्रावर) सही केली होती. आता सगळेच नव्या घरी जातोय.

उत्तर : तुम्हाला एआर-११ नाही, पण स्पॉन्सर म्हणून आय-८६५ (स्पॉन्सरचा पत्ताबदलाचा फॉर्म) आहे, घर बदलल्यापासून ३० दिवसांत. चुकल्यास २५० ते २,००० डॉलर दंड होऊ शकतो. सासू-सासऱ्यांनी आपापले एआर-११ १० दिवसांत भरायचे.

प्रश्न : घर बदलून सात महिने झाले, कळवलंच नाही. आता भरलं तर अडकू का?

उत्तर : आजच भरा. न कळवणं हा गुन्हा आहे. दंड आणि ३० दिवसांपर्यंत कैद अशी तरतूद आहे, आणि त्यावरून देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते. पण चूक जाणूनबुजून नव्हती किंवा तिला रास्त कारण होतं असं दाखवता आलं, तर ती कारवाई टळते, आणि उशिरा का होईना स्वतःहून कळवल्याची नोंद तुमच्याच बाजूने बोलते. घरात शिरल्याची खरी तारीख लिहा. ती पुढे सरकवून १० दिवसांत बसवू नका. नागरिकत्वाच्या अर्जात पाच वर्षांचे पत्ते तारखांसह द्यावे लागतात, तेव्हा तफावत उघडी पडते.

तुमचं प्रकरण इमिग्रेशन कोर्टात चालू असेल, तर मुदत फक्त पाच दिवसांची आणि फॉर्मही वेगळा, ईओआयआर-३३. यूएससीआयएसला कळवलेला पत्ता कोर्टापर्यंत जात नाही. सुनावणीची नोटीस जुन्या घरी गेली आणि तुम्ही हजर राहिला नाहीत, तर न्यायाधीश तुमच्या गैरहजेरीत देशाबाहेर काढण्याचा आदेश देऊ शकतात. असं असेल, तर ट्रक बोलावण्याआधी वकिलाला फोन करा.